खुर्ची भाड्याची, क्लायंटची कार्डं कुणाची?

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची बरीच पत्रं निघाली. सलूनमध्ये नोकरी न करता खुर्ची किंवा खोली भाड्याने घेऊन, नाहीतर टक्केवारीवर काम करणाऱ्यांच्या क्लायंटच्या नोंदी, म्हणजे नंबर आणि कामाची कार्डं, नक्की कुणाच्या, असा प्रश्न बहुतेकांनी विचारला आहे. निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मी एका सलूनमध्ये खुर्ची भाड्याने घेऊन कलर आणि कटचं काम करते. भाडं दरमहा ठरलेलं आहे, दर माझे मी ठरवते, पैसे क्लायंट थेट मला देतात. फक्त अपॉइंटमेंट सलूनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतो. मी जागा सोडणार म्हटल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "सॉफ्टवेअर माझं, त्यामुळे नंबर आणि कलरची कार्डं इथेच राहणार." हे बरोबर आहे का?

उत्तर : सॉफ्टवेअर त्यांचं आहे, एवढंच बरोबर. कपाट ज्याचं, त्यातले कपडेही त्याचेच असं होत नाही.

मुळात 'मालक' हा शब्द इथे फसवा आहे. २०१८ पासून लागू असलेला युरोपीय संघाचा जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा नियम घ्या किंवा भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घ्या. वैयक्तिक माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो तो जबाबदार, अशीच रचना दोन्हींत आहे. माहिती कुठल्या यंत्रात आहे यावरून ती जबाबदारी ठरत नाही. म्हणून स्वतःला हे विचारा : क्लायंटने वेळ कुणाकडे मागितली? दर कुणी ठरवला? पावतीवर नाव कुणाचं? ॲलर्जीच्या फॉर्मवर कुणाचं नाव छापलंय? काम बिघडलं तर दावा कुणाच्या विम्यावर जाईल? पाचही उत्तरं 'माझं' अशी आली, तर त्या नोंदींच्या जबाबदार तुम्ही आणि सलून फक्त तुमच्या वतीने त्या सांभाळणारं. तुमच्या पत्रातली दोन उत्तरं तर उघड तुमच्या बाजूने आहेत. फोन मात्र सलूनचं रिसेप्शन घेत असेल, किंवा क्लायंट सलूनच्या जाहिरातीमुळे आली असेल, तर त्या क्लायंटच्या संपर्काच्या नोंदीवर सलूनचाही हक्काचा दावा असू शकतो.

शिवाय 'क्लायंटची नोंद' ही एकच वस्तू नसते. नाव आणि नंबर वेगळा, कामाची नोंद वेगळी, पैशांचा हिशोब वेगळा. "मुळांना ६.१, ४० ग्रॅम, २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के डेव्हलपर ६० मिली, ३५ मिनिटं, टोकांवर शेवटची १० मिनिटं" हा कलरचा फॉर्म्युला तुमच्या हाताची नोंद आहे. सलूनला तिचा उपयोग तीच क्लायंट दुसऱ्या कुणाकडून तिथेच कलर करून घेणार असेल तरच. वाद बहुधा नंबरांवर पेटतो आणि त्याच्या धगीत फॉर्म्युले आणि ॲलर्जीच्या नोंदीही अडकून पडतात. बोलणी करताना हे थर सुटे करा. कामाच्या नोंदीची प्रत मिळण्यावर सहसा तंटा होत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. करार असेल तर आधी तो वाचा; त्यात याविषयी स्पष्ट कलम असेल तर बोलणी तिथूनच सुरू होतात. नसेल तर लेखी मागणी करा : "माझ्या नावाच्या कॉलममधल्या क्लायंटची यादी, कामाच्या टिपा, पुढच्या अपॉइंटमेंट आणि आगाऊ घेतलेल्या रकमांची यादी द्यावी." हे चारही शब्दशः लिहा, कारण बऱ्याच बुकिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लायंट-यादी एक्सपोर्ट केली की नाव, नंबर आणि ईमेलच येतात. टिपा, फोटो, सही केलेले फॉर्म वेगळे काढावे लागतात, कधी एकेका क्लायंटचं पान उघडून. यादी सीएसव्ही फाइलमध्ये (साध्या मजकुराच्या तक्त्यात) आली तर ती एक्सेलमध्ये थेट डबल-क्लिक करून उघडू नका. सुरुवातीचं शून्य आणि अधिकचं चिन्ह उडतं, लांब नंबर ९.१९ई+११ असा दिसू लागतो, देवनागरी नावांचा चुथडा होतो. डेटा इम्पोर्टमधून उघडा, अक्षरांसाठी यूटीएफ-८ निवडा आणि नंबरचा कॉलम 'टेक्स्ट' ठेवा. मूळ फाइल हातही न लावता बाजूला ठेवून द्या.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका : शेवटच्या दिवशी रिसेप्शनच्या स्क्रीनचे मोबाइलवर फोटो काढणं. नोंदी तुमच्या असल्या तरी परवानगीशिवाय काढलेल्या फोटोंत दुसऱ्यांच्या क्लायंटही येतात, आणि मग भक्कम बाजू असलेला माणूसच आरोपी ठरतो.

प्रश्न : मी सलून चालवतो. लॅश आणि नखांचं काम करणारी एक मुलगी आमच्याकडे टक्केवारीवर होती. दर आमचे, पैसे आमच्या काउंटरवर, क्लायंट आमच्या जाहिरातीतून आलेले. तिने जाताना यादीतल्या सगळ्यांना नव्या जागेचा मेसेज पाठवला. लेखी करार केलेला नव्हता. काय करता येईल?

उत्तर : तुम्ही सांगता त्या परिस्थितीत नोंदी सलूनच्या बाजूला झुकतात. तिला लेखी पत्र द्या : यादी कुठून आणि कशी घेतली ते सांगावं, ती वापरणं थांबवावं, प्रती पुसाव्यात आणि पुसल्याचं लेखी कळवावं. त्याच दिवशी तिचं लॉगिन बंद करा. कुणी यादी एक्सपोर्ट केली याची नोंद काही सॉफ्टवेअर ठेवतात. ती मिळाली तर पुरावा म्हणून जपून ठेवा.

पण काही गोष्टी तुम्हाला थांबवता येणार नाहीत, हेही ऐकून घ्या. तिने स्वतःच्या पानावर "मी आता अमुक ठिकाणी आहे" असं लिहिलं आणि क्लायंट तिला शोधत गेली, तर त्यात गैर काही नाही. क्लायंट म्हणजे सलूनची खुर्ची नव्हे, ती हवं तिथे जाऊ शकते. तुमच्या यादीतून नंबर उचलून मेसेज करणं आणि जाहीर पोस्ट टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तक्रार पहिलीवरच टिकते. क्लायंटना तिची बदनामी करणारे मेसेज पाठवू नका. त्याने गेलेली क्लायंट परत येत नाही, उरलेल्या मात्र बिचकतात.

तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगायलाच हवं. "दर आमचे, वेळ आमची, पैसे आमच्याकडे, यादी आमची" हा तुमचा युक्तिवाद जितका पक्का, तितकी ती मुलगी स्वतंत्र व्यावसायिक नसून नोकरच होती असं दिसण्याची शक्यता वाढते. मग रजा, कर, नोकरदारांना मिळणारे हक्क यांची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. नोंदींवर पूर्ण ताबा हवा आणि माणूस कागदावर 'स्वतंत्र' हवा, हे दोन्ही एकदम जमत नाही. पत्र पाठवण्यापूर्वी हे कामगार कायद्याच्या जाणकाराला दाखवा.

प्रश्न : मी व्हॅक्सिंग, फेशियल आणि हेअर कलर करते, सलूनमध्ये खोली भाड्याने घेतली आहे. कार्डावर नेमकं काय लिहायचं, किती वर्षं ठेवायचं आणि जागा सोडताना मूळ कार्ड कुणाकडे असावं?

उत्तर : कार्ड दोन कामांसाठी असतं : पुढच्या वेळी तेच काम पुन्हा तसंच करता यावं म्हणून, आणि काही बिघडलं तर तुम्ही काळजी घेतली होती हे दाखवता यावं म्हणून. दुसरं काम पहिल्यापेक्षा जास्त वेळा विसरलं जातं.

उदाहरणार्थ पॅच टेस्ट, म्हणजे उत्पादन आधी त्वचेवर थोडंसं लावून ॲलर्जी उठते का ते बघणं. "पॅच टेस्ट केली, ठीक" एवढं लिहिलेलं कार्ड वेळ येते तेव्हा निरुपयोगी ठरतं. उत्पादनाचं नाव आणि शेड, कानामागे लावलं की कोपराच्या आतल्या बाजूला, लावल्याची तारीख आणि वेळ, ४८ तासांनंतर काय दिसलं, आणि क्लायंटची सही, इतकं तरी हवं. कलरमधल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी लगेच उठत नाही, एकदोन दिवसांनी उठते, म्हणून संध्याकाळी लावून सकाळी बघितलेली टेस्ट धरायची नाही. ही ॲलर्जी वर्षानुवर्षं कलर करणाऱ्यालाही अचानक होते. 'काळ्या मेंदी'चा टॅटू कधी काढला होता का, हा प्रश्न कार्डावर हवाच. त्यात बऱ्याचदा हेच रसायन घातलेलं असतं आणि त्या एका टॅटूने शरीर कायमचं संवेदनशील होऊ शकतं.

व्हॅक्सिंगसाठी विचारायचं औषध म्हणजे मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या. त्या चालू असतील किंवा बंद करून सहा महिने झाले नसतील, तर व्हॅक्सबरोबर कातडी सोलून निघण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी औषधं, चेहऱ्यावर लावायचं रेटिनॉल, गरोदरपण, हेही विचारा. पण कामाशी ज्याचा संबंध नाही ते गप्पांतून कळलं तरी लिहू नका. कुणाच्या घरचं भांडण किंवा नवऱ्याचं दुखणं कार्डावर असायचं कारण नाही. उद्या क्लायंटने प्रत मागितली तर तीच ओळ तिच्या हातात पडेल. आरोग्याच्या माहितीला जीडीपीआरमध्ये जास्त कडक संरक्षण आहे. जिथे असा वेगळा नियम नाही तिथेही ती रिसेप्शनवर उघड्या वहीत असू नये.

किती वर्षं ठेवायचं याचा आकडा आधी तुमच्या विमा पॉलिसीत शोधा. नोंदी अमुक काळ ठेवण्याची अट अनेक पॉलिसींत असते आणि ती मोडली तर दावा नाकारला जाऊ शकतो. मग तुमच्या इथे नुकसानभरपाईचा दावा करण्याची मुदत किती ते बघा. यांपैकी जी मुदत लांब ती धरा. क्लायंट अल्पवयीन असेल तर बऱ्याच ठिकाणी मुदत ती सज्ञान झाल्यावरच सुरू होते, त्यामुळे ती कार्डं वेगळ्या पाकिटात ठेवलेली बरी.

म्हणूनच मूळ कार्ड, जिच्या विम्यावर काम झालं तिच्याकडे, म्हणजे तुमच्याकडे असावं. सलूनने जोर धरलाच तर मूळ तिथे ठेवा, पण सहीसकट पूर्ण स्कॅन घेतल्याशिवाय निघू नका. तुम्ही गेल्यावर वर्षाने नोटीस आली आणि कार्ड सलूनच्या रद्दीत गेलेलं असलं, तर "मी टेस्ट केली होती" हे केवळ तोंडी उरतं.

मुदत संपल्यावर नष्ट करताना कागद फाडून टोपलीत टाकणं पुरेसं नाही. मोबाइलच्या गॅलरीतले आधीचे-नंतरचे फोटो, 'नुकतेच हटवलेले' फोल्डर, क्लाउडवरची आपोआप जाणारी प्रत, सगळीकडून काढा. नोंदीसाठी फोटो काढायची संमती आणि तो इन्स्टाग्रामवर टाकायची संमती या दोन वेगळ्या सह्या आहेत.

प्रश्न : सगळ्या क्लायंट सलूनने दिलेल्या व्हॉट्सॲप नंबरवर माझ्याशी बोलतात. सिम सलूनच्या नावावर आहे.

उत्तर : मग ते खातं सलूनचंच समजा. नंबरवर येणारा कोड ज्याच्या हातात, तो खातं पुन्हा सुरू करू शकतो. दुहेरी पडताळणीचा पिन तुम्ही लावून ठेवलात तर थोडा उशीर होईल, इतकंच. आजपासून स्वतःचा नंबर घ्या आणि नव्या क्लायंटला तोच द्या. जुन्यांना तो देण्याआधी करार बघा. सलूनच्या टॅबलेटवर तुमचं गूगल खातं जोडलेलं असेल तर तेही काढा, नाहीतर तुमच्या फोनमधले सगळे नंबर तिथेही दिसत राहतात.

प्रश्न : मी क्लायंट आहे. माझी कलर करणारी सलून सोडून गेली. तिच्याकडे माझी कार्डं नाहीत आणि सलून मला माझा फॉर्म्युला देत नाही. मला मागता येतो का?

उत्तर : तुमच्याबद्दलची माहिती मागायचा हक्क तुम्हाला आहे. जीडीपीआर लागू असेल तिथे प्रत साधारण महिन्याभरात द्यावी लागते. तोंडी न मागता लेखी मागा : वापरलेली उत्पादनं, शेड, तारखा, पॅच टेस्टचे निकाल. "माझं कार्ड अमुक यांना द्यावं" अशी सही केलेली चिठ्ठी दिलीत तर आणखी उत्तम. सलून आणि गेलेली कलाकार यांच्या ओढाताणीतून निघायची ती सगळ्यात सरळ वाट आहे, कारण मग कुणी काही पळवलं असं म्हणताच येत नाही.

प्रश्न : पुढच्या महिन्यात नव्या जागी सुरुवात करते आहे. करारात काय लिहून घेऊ?

उत्तर : वकिलाला दाखवायचा कच्चा मसुदा देतो :

"प्रत्येक नव्या क्लायंटच्या पहिल्या भेटीत 'कुणाकडून आली : सलून किंवा कलाकार' हा रकाना दोघांपैकी कुणीही त्याच दिवशी भरेल. कलाकाराकडून आलेल्या क्लायंटची संपर्क माहिती कलाकाराची, सलूनकडून आलेल्यांची सलूनची. कामाची नोंद, ॲलर्जीचे फॉर्म आणि पॅच टेस्ट कलाकाराकडे राहतील. सलूनकडून आलेल्या क्लायंटच्या बाबतीत सलूनला प्रत मिळेल. करार संपल्यावर सात दिवसांत सलून कलाकाराच्या नोंदी टिपा आणि फोटोंसह देईल, मगच तिचं लॉगिन बंद होईल. आगाऊ घेतलेल्या रकमा आणि शिल्लक पॅकेज कोण पूर्ण करणार याची यादी दोघांच्या सहीने होईल. कलाकार कुठे गेली असं क्लायंटने विचारल्यास सलून तिने दिलेला नंबर सांगेल."

पहिल्या वाक्यावरच सगळ्यात जास्त घासाघीस होईल : रस्त्यावरून सहज आत आलेली क्लायंट कुणाची? बहुतेक ठिकाणी ती सलूनकडे धरतात, कारण पाटी आणि जागा त्यांची. ते मान्य करायला हरकत नाही. पण त्या क्लायंटने पुढे मैत्रिणीला तुमचं नाव सांगून पाठवलं, तर ती मैत्रीण तुमच्या रकान्यात जाईल, हे त्याच वेळी लिहून घ्या.