सिबोसाठी (लहान आतड्यात जिवाणू फार वाढण्याचा त्रास) रिफॅक्सिमिन या अँटिबायोटिकचा कोर्स झाला, पोट पुन्हा फुगतंय. दुसरा कोर्स घ्यावा की कांदा-लसूण कायमचं सोडावं?

दुसरा कोर्स द्यायचा की नाही ते तुमचे डॉक्टर ठरवतील. मी लिहायला बसले ती तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीमुळे. चौदा दिवस गोळ्या, मग दीडेक महिना आराम, मग परत पोट तट्ट, विरार-चर्चगेट लोकलमध्ये होणारे हाल, हे सगळं सांगून झाल्यावर जाता जाता तुम्ही लिहिलंय, "लहानपणी आतड्याचं ऑपरेशन झालं होतं, पण त्याला वीस वर्षं झाली, त्याचा संबंध नसावा."

संबंध नसावा हे तुम्हाला कोणी सांगितलं?

माझं स्पष्ट मत आहे की सिबो हा मूळ आजार नसतोच. आणखी कशाचा तरी तो परिणाम असतो. लहान आतड्यात जिवाणू फार वाढत नाहीत, कारण त्यांना अडवणाऱ्या गोष्टी आहेत. पोटातलं आम्ल, पित्तरस, आतड्याची पुढे ढकलणारी हालचाल आणि लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची झडप. यातलं काही बिघडलं की जिवाणू तिथे मुक्कामाला येतात. कुणाच्या आतड्याच्या नसा मधुमेहाने मंदावतात, कुणाची आतडी ऑपरेशननंतर एकमेकांना चिकटतात, कुणी वर्षानुवर्षं आम्ल दाबणारी गोळी घेत असतो. रिफॅक्सिमिन जिवाणू कमी करतं, बिघाड दुरुस्त करत नाही. औषधाने बरे झालेल्यांवर नऊ महिने लक्ष ठेवलेल्या एका अभ्यासात चाळीस टक्क्यांहून जास्त जणांना सिबो पुन्हा झाला. तेव्हा तुमचा कोर्स फुकट गेला असं समजू नका. पण दुसऱ्या कोर्सच्या आधी पहिल्या ऑपरेशनचं बोला.

माझं सांगते. १९९४ साली मी कॉलेजात असताना पोटात पीळ पडून उलट्या सुरू झाल्या आणि केईएममध्ये रातोरात ऑपरेशन झालं. आतड्याचा टीबी निघाला. लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथेच हा टीबी बहुतेक वेळा बसतो. माझं तिथलं आतडं आवळून बंद झालं होतं. तो भाग झडपेसकट काढला, टोकं जोडली, नंतर टीबीच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स झाला आणि मी ठणठणीत झाले. त्या डॉक्टरांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

पुढे लग्नाची बोलणी सुरू झाली. पोटावर बेंबीच्या बाजूने उभी खूण, ती लपणार थोडीच. आईने सांगितलं, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय. टीबी झालेली मुलगी कोण करून घेणार, असा तो काळ होता. आमच्या लालबागच्या चाळीत एका मुलीचं ठरलेलं लग्न एवढ्याच कारणाने मोडलेलं सगळ्यांना माहीत होतं. मी आईला कधी दोष दिला नाही, आजही देत नाही.

पण त्या एका शब्दाने पुढची कित्येक वर्षं माझ्या पोटाचा मार्ग चुकला. सासरी भांडुपला फॅमिली डॉक्टर सासऱ्यांच्या ओळखीचे. दवाखान्यात सासूबाई शेजारी बसायच्या आणि मी तोंड उघडायच्या आत सांगायच्या, "हिचं अपेंडिक्स काढलंय, बाकी काही नाही." डॉक्टर पोट दाबून बघायचे आणि ॲसिडिटीची गोळी लिहायचे. सकाळी उपाशीपोटी एक. गोळी संपली की तीच पुन्हा.

होत काय होतं, तर सकाळी साडी नेसताना परकराची नाडी जिथे बांधली तिथे दुपारी ती राहायची नाही. फोर्टला बँकेत होते मी. डबा खाऊन तासाभराने बाथरूममध्ये जाऊन गाठ सोडायची, चार बोटं सैल करून पुन्हा बांधायची. कमरेवर नाडीचा वळ उठलेला असायचा, बोटाला लागायचा. पोटात गुडगुड इतकी की शेजारच्या काउंटरवरची मान वळवायची. संध्याकाळी सीएसएमटीहून गाडीत चढायच्या आधी संडासला जाऊन यायचं, कारण लोकलमध्ये सोय नाही आणि कुर्ल्याला कळ आली तर उतरून कुठे पळायचं ही धास्ती.

मग हातापायाला मुंग्या यायला लागल्या. रक्त तपासलं तर बी-१२ अगदी तळाला, आणि फॉलिक ॲसिड मात्र प्रमाणापेक्षा जास्त. डॉक्टर म्हणाले, "शाकाहारी बायकांमध्ये हे असतंच." आम्ही मालवणकडचे! बुधवार, शुक्रवार, रविवार घरात मासळी शिजते. बांगडा, तारली, मोरी खाणाऱ्या बाईचं बी-१२ जातं कुठे, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. वाढलेले जिवाणू बी-१२ स्वतः खातात आणि फॉलिक ॲसिड तयार करतात. त्यात बी-१२ शोषणारा लहान आतड्याचा शेवटचा भाग माझ्या पोटातून काढलेला. सगळं त्या रक्ताच्या रिपोर्टवर लिहिलेलं होतं. तुमचा रिपोर्ट असा उलटासुलटा दिसला तर "असतंच" हे उत्तर घेऊन घरी येऊ नका.

आता वन्संचं. नवऱ्याची मोठी बहीण, घरात त्यांचा शब्द चालतो. त्यांचं म्हणणं, हे सगळं मनाचं आहे. पुरावा काय, तर संकष्टीला मी बरी असते. "देवाचं नाव घेतलंस की पोट गप्प बसतं, म्हणजे आजार डोक्यात आहे," असं त्यांनी चार बायकांत, हळदीकुंकवाला सांगितलं. बरी असायचे हे खरंच होतं. पण ताटात काय असायचं ते बघा. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाटा. कांदा नाही, लसूण नाही, गहू नाही, तूरडाळ नाही, उसळ नाही. जिवाणू ज्या साखरा आंबवून गॅस करतात त्या नेमक्या त्या दिवशी ताटातून गायब. शिवाय चंद्रोदयापर्यंत मधे खाणंही कमी. उपाशी असताना दर दीड-दोन तासांनी आतड्यातून एक लाट जाते आणि उरलंसुरलं पुढे लोटते. बाजार उठल्यावरच झाडूवाले रस्ता झाडतात, तसं तिचं काम पोट रिकामं असतानाच चालतं. बँकेत दर तासाला चहा-बिस्कीट चालू असलं की ती लाट मोडते. गणपती माझ्याही श्रद्धेचा विषय आहे, म्हणूनच सांगते की संकष्टीचा आराम खरा होता आणि इतर दिवसांचा त्रासही तितकाच खरा होता. आणि इतर दिवशी वन्सं मला काय खायला लावायच्या? मोडाची मटकी, कोंड्याची पोळी, वर वाटीभर दही. पोट साफ होईल म्हणून. रात्री उताणं झोपवायचं नाही.

शेवटी सासूबाई गेल्यानंतर एका दुपारी अर्धी सुट्टी टाकून मी एकटीच पोटविकारतज्ज्ञांकडे गेले आणि बसल्या बसल्या सांगितलं, मला आतड्याचा टीबी झाला होता, आतडं काढलंय. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती काढलं? कार्ड आहे का?" भावाने माहेरच्या कपाटातून शोधून काढलं. आईने जुन्या रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं, घडीवर फाटलेलं डिस्चार्ज कार्ड. निळ्या शाईत तीन ओळी. लहान आतड्याचा शेवटचा भाग, झडप, मोठ्या आतड्याची उजवी बाजू. ते वाचून डॉक्टर म्हणाले, दार नसलेल्या घरात कोण शिरत नाही?

मग श्वासाची तपासणी. तुमची झाली असेल, पण नीट झाली का ते ताडून बघा. आधी चार आठवडे अँटिबायोटिक नको, आदल्या दिवशी पांढरा भात आणि साधं उकडलेलं, रात्रभर उपाशी, सकाळी चूळ भरून यायचं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पाजतात, घशाखाली उतरत नाही इतकं गोड. मग दर पंधरा-वीस मिनिटांनी नळीत फुंकायचं, झोपायचं नाही, फेऱ्या मारायच्या नाहीत. जिवाणू साखर आंबवून हायड्रोजन वायू करतात, तो श्वासात उतरतो. दीड तासाच्या आत तो २० पीपीएमने (दहा लाख भागांत २० भाग) चढला तर तपासणी पॉझिटिव्ह. माझा तर पाऊण तासातच त्याच्या वर गेला. तुमची तपासणी ग्लुकोजऐवजी लॅक्टुलोज या गोड औषधावर झाली असेल आणि आतडं तोकडं असेल तर ते औषध लवकर मोठ्या आतड्यात पोचतं आणि निकाल खोटाच पॉझिटिव्ह येऊ शकतो. हे विचाराच. मिथेन हा दुसरा वायू मोजला होता का तेही विचारा. बरीच यंत्रं फक्त हायड्रोजन मोजतात. तुम्हाला जुलाबांपेक्षा बद्धकोष्ठ जास्त असेल तर मिथेन महत्त्वाचा, कारण तो करणारे जीव वेगळे असतात आणि नुसत्या रिफॅक्सिमिनने पुरेसे हटत नाहीत, जोडीला दुसरं अँटिबायोटिक लागतं.

मला रिफॅक्सिमिन ५५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, चौदा दिवस दिलं, ॲसिडिटीची गोळी बंद केली, बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली. झडप काही परत येत नाही, त्यामुळे अधूनमधून पुन्हा कोर्स लागतो आणि लागणार. मला ते मान्य आहे. मधुमेही माणूस कायम गोळी घेतो, त्याला कोणी मनाचा आजार म्हणत नाही.

घरात हे कळलं तेव्हा वन्सं म्हणाल्या, "म्हणजे टीबी लपवून लग्न लावलंत. फसवलंत आम्हाला." तेव्हा मी गप्प राहिले, आता इथे लिहिते. आतड्याचा टीबी शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने कुणाला होत नाही, आणि लग्नाच्या आधी तो पूर्ण बरा झाला होता. त्याने तुमच्या घरातल्या कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते माझं, कारण टीबी हा शब्द ज्या घरात उच्चारता येत नव्हता तिथे डॉक्टरला खरं सांगायची सोयच नव्हती. तो शब्द उच्चारता आला असता तर पहिल्याच वर्षी तपासणी झाली असती. टीबी झालेली मुलगी करून घेणार नाही असं म्हणणारी घरं आधी आपलं बघोत.

तुमच्या कांदा-लसणाचं राहिलं. कायमचं सोडू नका. चार-सहा आठवडे कमी करा, मग एकेक पदार्थ परत आणून बघा. हा आहार त्रास कमी करतो, जिवाणू घालवत नाही, आणि फार दिवस चालवला तर माणूस नुसता वाळतो. लसणाचा वास हवा असेल तर तेलात पाकळ्या परतून काढून टाका, त्रास देणारा अंश पाण्यात उतरतो, तेलात नाही. त्यामुळे आमटीत उकळून मग लसूण वेचून काढण्याला काही अर्थ नाही. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी किंवा भात, तुरीऐवजी मुगाची डाळ, तीही थोडी. फ्लॉवर, राजमा, चवळी, सफरचंद आणि दुर्दैवाने हापूस, हे त्या आठवड्यांत नको. मासे खात असाल तर बिनधास्त खा. स्टेशनवरचा वडापाव म्हणजे गहू, बेसन आणि लसूण एकत्र, ऑफिसला जाताना तर नकोच. दोन खाण्यांत चार तास ठेवा. दुधाचा चहा म्हणजेही खाणंच. विरारहून येता तर सकाळी निघायच्या दोन तास आधी जे काय खायचं ते खाऊन घ्या.

मी डॉक्टर नाही. माझी झडप गेली म्हणून तुमचीही गेली असं नाही, ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला सिबो होतोच असंही नाही. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलेल्यांना पित्तामुळेही जुलाब होतात आणि त्याचं औषध अगदी वेगळं. वजन उतरत असेल, शौचात रक्त, ताप, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल तर सिबो सिबो करत बसू नका, ताबडतोब दाखवा. ॲसिडिटीची गोळी अल्सरसाठी किंवा हृदयाच्या औषधांबरोबर दिली असेल तर माझं वाचून बंद करू नका.

आणि ऑपरेशनचे कागद आधी घरी शोधा, आई-वडिलांना विचारा, त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करा. वीस वर्षांपूर्वीचं सापडलं नाही तरी सीटी स्कॅन आणि कोलोनोस्कोपीत जोड दिसतो, काय उरलंय ते कळतं. तेवढं हातात घेऊन डॉक्टरांकडे जा आणि मग दुसऱ्या कोर्सचं विचारा.