फर्नेस बसवा, पण धूर बाहेरच्या बाहेर

प्रश्न : नमस्कार भाऊ, मी फोंड्याचा. जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेऊन तिचा कॅम्पर केलाय, बेड झाला, सिंक झालं, शेगडी बसली. चतुर्थी आटपली की स्पिती आणि जमलं तर तिथून लडाख असा बेत आहे, सोबत बायको आणि सासूबाई. मेव्हणा कॅनडात असतो, त्याने तिकडच्या आरव्हीत (राहत्या गाड्यांत) बसवतात तो गॅसचा फर्नेस, म्हणजे गाडी गरम करायचा हीटर पाठवलाय, २०,००० बीटीयूचा (ते तिकडचं उष्णतेचं माप), नवाकोरा. इथला फॅब्रिकेटर म्हणतो बेडखाली ठेवू, धुराचा पाईप फ्लोअरमधून खाली सोडून देऊ, साइडचा पत्रा कापायची कटकट नको, आणि गॅस घरच्याच सिलिंडरवर जोडू. मला जरा धाकधूक वाटतेय. हे बरोबर आहे का? (नाव छापू नका, घरी अजून गॅसचं सांगितलेलं नाही.)

उत्तर : धाकधूक वाटतेय ते बरंच झालं. बेडखाली ठेवायला हरकत नाही, तिकडेही बरेचदा तिथेच असतो. फ्लोअरमधून धूर सोडायला मात्र सपशेल नाही, आणि घरच्या सिलिंडरलाही नाही.

आधी हे यंत्र काय आहे ते बघा, म्हणजे फॅब्रिकेटरशी वाद घालताना तोंडात शब्द असतील. फर्नेसमधली ज्योत एका बंद लोखंडी पेटीत जळते. त्या पेटीला हवा गाडीच्या बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो. तुम्ही झोपता ती हवा पेटीच्या बाहेरच्या अंगावरून फिरून गरम होते, ज्योतीशी तिचा संबंध येत नाही. मोटर एकच असते पण तिच्यावर पंखे दोन, एक आतली हवा फिरवतो, दुसरा ज्योतीला बाहेरची हवा देतो. थर्मोस्टॅट लागला की आधी नुसता ब्लोअर फिरतो, पंधरा-वीस सेकंद, पेटीत काही गॅस साचला असेल तर तो निघून जावा म्हणून, त्या हवेच्या जोराने सेल स्विच म्हणजे एक पातळ पाती असलेला स्विच दाबला गेला असेल, तरच मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ठिणगी पडते. यातलं काही चुकलं तर तो पेटत नाही. एवढा विचार करून बनवलेली वस्तू आहे, आणि आपण तिचा धूर गाडीच्या पोटाखाली सोडायचा म्हणतोय.

पोटाखाली सोडलेला धूर तिथे थांबत नाही हो. ट्रॅव्हलरच्या फ्लोअरला वायरिंगची भोकं असतात, गिअरच्या रबरी बुटाखाली फट असते, सिंकचा ड्रेन खाली काढलाय तिथेही फट असणारच. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे जण मेलेले सापडले होते, एसी चालवायला लावलेल्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड फ्लोअरच्या भोकातून आत शिरला असं तपासात निघालं. तिथे फर्नेस नव्हता पण वाट तीच. काही युरोपियन हीटरना तळातून पाईप काढायची परवानगी असते हे खरं आहे, पण त्यातसुद्धा पाईपचं तोंड गाडीच्या कडेच्या बाहेर आणावं लागतं, मध्येच खाली सोडून चालत नाही. तुमच्या कॅनडावाल्या फर्नेसबरोबर साइडला बसवायची व्हेंटची प्लेट बॉक्समध्ये असेल, हवा घ्यायचं आणि धूर सोडायचं अशी दोन्ही तोंडं तिच्यावर शेजारी शेजारी असतात. त्याला कारण आहे, वारा जोराचा आला तर दोन्हींवर सारखाच दाब पडतो आणि ज्योत विझत नाही. म्हणून एक तोंड इकडे एक तिकडे असा जुगाड करायचा नाही, आणि पाईपची लांबी मॅन्युअलमध्ये दिलीय तेवढीच.

आता पत्रा कुठे कापायचा. उघडणाऱ्या खिडकीच्या खाली नको. डिझेलच्या टाकीच्या झाकणाजवळ नको. दरवाजा सरकता असेल तर त्या बाजूला आधी दरवाजा पूर्ण उघडून बघा तो कुठपर्यंत मागे जातो, कारण सरकलेला दरवाजा बरोब्बर व्हेंटवर येऊन बसला आणि आतमध्ये फर्नेस चालू असला तर धूर कुठे जाणार तुम्हीच सांगा. ऑनिंग (बाजूला ओढून काढायचं कापडी छत) लावणार असाल तर त्याच्या कापडाखालीही नको. कापताना बॉडीचा खांब टाळा, कापलेल्या कडेला लगेच प्रायमर मारा (आपल्याकडे एक पावसाळा पुरतो गंज चढायला), आणि बाहेरचा पत्रा आणि आतली प्लायवूड यांच्यामधली पोकळी त्या पाईपभोवती नीट बंद झाली पाहिजे, नाहीतर धूर पोकळीतून फिरून येतो आणि तिथे तुम्ही इन्सुलेशनला थर्मोकोल भरला असेल तर तो वितळणार ते वेगळंच. फर्नेसच्या सगळ्या बाजूंना किती जागा मोकळी सोडायची ते त्याच्या प्लेटवर छापलेलं असतं. कार्पेटवर ठेवू नका. बेडखाली उरलेल्या जागेत बॅगा, रजया कोंबायची सवय आपल्या सगळ्यांना असते, तेव्हा मध्ये प्लायचा आडोसा करा आणि हवा परत यायची जाळी मोकळी ठेवा, ती जाळी झाकली की फर्नेस तापून लिमिट स्विचवर (जास्त तापला की बंद करणारा स्विच) सारखा बंद-चालू होतो.

गॅसचं. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठी असतो, गाडीला जोडणं नियमात बसत नाही, आणि उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाले पहिलं बोट तिथेच ठेवतील. बाजारभावाने मिळणारा ५ किलोचा बघा. आणि त्याच्याही आधी आरटीओत जाऊन या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांचं आहे आणि कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ नावाचं वेगळं मानक आहे, तुमचा कॅम्पर कागदोपत्री कॅराव्हॅन झालाय की अजून पॅसेंजर गाडीच आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही.

सिलिंडर उभाच ठेवायचा, पट्ट्याने बांधून, आणि आतल्या बाजूने हवाबंद पेटीत, जिच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक असेल. एलपीजी हवेपेक्षा दीड-दोन पट जड असतो, गळला की खाली बसतो, म्हणून भोक तळाला. वर जाळी ठेवून उपयोग नाही. तिथून फर्नेसपर्यंत तांब्याची नळी, सांधे फ्लेअरचे (नळीचं तोंड पसरवून नटाने आवळलेले), पत्र्यातून जाते तिथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट म्हणजे रिंग, नाहीतर खड्ड्यांतून जाताना घासून घासून नळी कापली जाते. नारिंगी सुरक्षा पाईप सिलिंडरपासच्या छोट्या तुकड्यापुरता ठीक, तो अख्ख्या गाडीतून फिरवू नका. सगळं झालं की प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. काडी पेटवून बघणारे मेकॅनिक अजूनही आहेत, तसा दिसला तर त्याला तिथूनच नमस्कार करा. दाबाचं म्हणाल तर तिकडचे फर्नेस ११ इंच पाण्याच्या दाबावर म्हणजे साधारण २८ मिलिबारवर चालतात आणि आपला घरगुती रेग्युलेटर ३० च्या आसपास देतो, म्हणजे जवळपास आहे, पण तो शेगडीच्या हिशोबाने बनवलेला असतो, शेगडी आणि फर्नेस एकदम लावले की कमी पडू शकतो, आणि फर्नेस बनवलाय शुद्ध प्रोपेनसाठी, आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण असतं. म्हणून मॅनोमीटर लावून दाब मोजणारा गॅस फिटर पाहिजे. फॅब्रिकेटरचं काम वेल्डिंग, हे त्याचं काम नाही.

ब्युटेनची अजून एक गंमत आहे जी गोव्यात कधी कळत नाही. तो शून्य अंशाच्या जरासा खालीच वायू व्हायचा थांबतो. प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. स्पितीत काझाला ऑक्टोबरच्या रात्री पारा शून्याखाली गेला की सिलिंडरमधला प्रोपेन आधी संपतो आणि ब्युटेन तळाला पाणी होऊन पडून राहतो, सिलिंडर हलवला तर खळखळतो पण ज्योत नाही. तेव्हा त्याच्यावर गरम पाणी ओतणं, बाजूला स्टोव्ह ठेवणं असले उद्योग करायचे नाहीत.

हिशोबही करून बघा. २०,००० बीटीयू म्हणजे जवळजवळ ५.९ किलोवॉट, तासाला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास गॅस. सलग जळला तर ५ किलोचा सिलिंडर अकरा तास. अर्धा वेळ बंद राहतो असं धरलं तरी दोन रात्री. शिवाय ब्लोअरला १२ व्होल्टवर सात-आठ अँपिअर लागतात, दहा तासांच्या रात्रीत अर्धा वेळ चालला तर ४० अँपिअर-आवर गेले, १०० ची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर तिच्यातलं खरं वापरण्याजोगं पन्नासच. व्होल्टेज पडला की ब्लोअर मंद, सेल स्विचची पाती दाबली जात नाही आणि पहाटे तीनला हीटर बंद.

आणि उंची. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब आपल्या मिरामारच्या किनाऱ्यावर असतो त्याच्या दोन-तृतीयांशाच्याही जरा खाली. गॅस तेवढाच, ऑक्सिजन कमी, म्हणजे ज्योत अर्धवट जळणार, काजळी धरणार आणि कार्बन मोनॉक्साइड वाढणार. किती उंचीपर्यंत चालतो आणि त्यापुढे काय बदलायचं हे मॅन्युअलमध्ये बघा, नसेल तर मेव्हण्याला कंपनीला मेल टाकायला सांगा.

माझं मत विचाराल तर तुमची गाडी डिझेलची, त्या रस्त्याला डिझेलवर चालणारा छोटा हीटर जास्त सोयीचा. दोन किलोवॉटचा मोठ्यावर ठेवला तरी तासाला पाव लिटरच्या आसपास पितो, सिलिंडरची भानगडच नाही. उंचीचं सेटिंग त्यालाही लागतं आणि धुराचा पाईप कडेपर्यंत त्याचाही काढावा लागतो. पण मेव्हण्याने एवढ्या लांबून पाठवलाय, तो बसवायचाच असेल तर वर लिहिलंय तसं बसवा, आणि घरी सांगा.

प्रश्न : आमच्याकडे फर्नेस वगैरे नाही, पण लाल जाळीचा गॅसचा रूम हीटर आहे, सिलिंडर मागेच बसतो तो. व्हॅनमध्ये रात्री खिडकी दोन बोटं उघडी ठेवून चालेल ना? हिवाळ्यात मनालीला जातोय. – म्हापसा

उत्तर : नाही चालणार ताई. त्याची ज्योत तुमच्याच हवेत जळते आणि धूरही तुमच्यातच सोडते, दोन बोटांची खिडकी बर्फ पडायला लागला की कोणीतरी झोपेत बंद करतंच. जानेवारी २०२० मध्ये नेपाळात दामन इथे रिसॉर्टच्या खोलीत असाच गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक गेले, त्यात चार लहान मुलं होती. ती तर खोली होती, तुमची व्हॅन तिच्यापेक्षा किती लहान ते बघा. शेगडी पेटवून गाडी गरम करणं, कोळशाची अंगिठी आत घेणं, हे सगळं त्याच माळेतलं. हॉटेल घ्या.

प्रश्न : तयार कॅम्पर घेतला, फर्नेस कंपनीचाच बसवलेला. वर्षभर गाडी शेडमध्ये उभी होती. आता चालू केला की ब्लोअर फिरतो, टिक टिक होते, ज्योत येत नाही. मेकॅनिक म्हणतो सेन्सर बायपास करतो. – कुडचडे

उत्तर : बायपास करू देऊ नका, ते सेन्सर म्हणजेच सेफ्टी. आधी बाहेरच्या व्हेंटमध्ये टॉर्च मारून बघा. आपल्याकडे शेडमध्ये उभ्या गाडीला कुंभारीण माशी सोडत नाही, मातीची नळीसारखी घरटी आत इतकी घट्ट चिकटवते की निम्मं तोंड बंद होतं. व्हेंटची प्लेट स्क्रू काढून सोडवा आणि माती हाताने बाहेर काढा, तार घालून आत ढकललीत तर ती बर्नरवर जाऊन पडणार. नंतर सिलिंडर खरंच उघडलाय का, बॅटरीचा व्होल्टेज ब्लोअर चालू असताना किती राहतो हे बघा. खाऱ्या हवेने बोर्डाचे कनेक्टर हिरवे होतात, ठिणगीच्या टोकाला गंज येतो, बर्नरच्या बारीक भोकात कोळी जाळं करतो. हे उघडायला गॅसचं काम येणारा माणूस बोलवा आणि त्याच हातात पेटीला तडा किंवा काजळी आहे का बघून घ्या. पुढच्या पावसाळ्याआधी व्हेंटवर कव्हर लावायचं असेल तर लावा, मात्र त्याला एक मोठी लाल चिंधी बांधा म्हणजे काढायचं राहणार नाही. बारीक जाळी मनाने बसवू नका, ती हवा अडवते.

प्रश्न : कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म खरंच लागतो का? धूर झाला तर वास येईलच की. – डिचोली

उत्तर : येणार नाही. गॅसला जो वास येतो तो मुद्दाम घातलेल्या मरकॅप्टनचा, तो जळून जातो, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, ग्लानी येते. आता हीच लक्षणं लेहला पोचल्यावर पहिल्या दिवशी विरळ हवेने निम्म्या लोकांना होतात असं म्हटलं तरी चालेल, मग 'हाइट लागली' म्हणून माणूस गोळी घेऊन हीटर लावून पुन्हा झोपतो. तिथे घात होतो. दोन्हींतला फरक तुम्हाला पांघरुणात पडल्या पडल्या कळणार नाही, अलार्मला कळतो. सगळ्यांना एकदम होतंय आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतंय तर संशय हीटरवर घ्या, पण हा प्रयोग करत बसू नका, अलार्म वाजला की सगळ्यांना बाहेर काढा, गॅस सिलिंडरवर बंद करा, आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात जाऊन ऑक्सिजन लावून घ्या.

घेताना त्यावर ईएन ५०२९१-२ लिहिलंय का बघा, ते मानक फिरत्या गाड्यांसाठीचं आहे, ५०२९१-१ घरांसाठीचं. लावायचा झोपल्यावर डोकं येतं त्या उंचीला, पडद्यामागे नाही, शेगडीच्या डोक्यावर नाही. एलपीजी गळतीचा अलार्म वेगळा आणि तो फ्लोअरपासून वीतभर उंचीवर, गॅस खाली बसतो म्हणून. दोन्हींवर संपायची तारीख छापलेली असते, ती उलटली की बटण दाबल्यावर आवाज आला तरी आतला सेन्सर गेलेला असू शकतो, नवा घ्यायचा. मिनिटाला एकदा बारीक चिवचिव केली तर बॅटरी बदला.