भरती दीड महिन्यावर आलीय, पळताना गुडघा आणि घोटा दुखतो. सर म्हणतात थांबू नको. कोणती नी-कॅप घेऊ?

नी-कॅपचं शेवटी सांगतो. तुझं 'सर म्हणतात थांबू नको' वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

२०२३ ची अग्निवीर भरती. त्या वर्षी लेखी आधी झाली होती, मी पास होतो. सातारा जिल्ह्यातल्या एका ॲकॅडमीत आठ महिने काढले होते. सोळाशे मीटर ५:२४ मिनिटांत यायला लागलं होतं, म्हणजे साठपैकी साठ मार्क. तीन आठवडे राहिले असताना संध्याकाळी नऊ फुटी खड्ड्याचा सराव चालू होता. उडी पुरली, पण पाय पलीकडच्या काठावर पडला, अर्धा आत अर्धा बाहेर. पाऊल आत वळलं आणि टक् असा आवाज मला स्वतःला ऐकू आला. पाच मिनिटांत घोट्याच्या बाहेरच्या अंगाला लिंबाएवढी सूज.

सरांनी पाय धरून दोन हिसके दिले, गरम तेलानं चोळला, क्रेप बँडेज गुंडाळलं आणि तिसऱ्या दिवशी ग्राउंडवर उभा केला. मीही गेलो, कारण थांबला तो संपला असं सगळेच म्हणत होते. उजवा घोटा जपायला सगळा भार डाव्या पायावर टाकून पळायचो. आठवडाभरात डावा गुडघा दुखायला लागला, वाटीच्या मागे. जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. भरतीच्या दिवशी तिसऱ्या राऊंडला घोटा परत लचकला. ५:४५ ला, म्हणजे तेव्हाची वेळ संपल्यावर, दोरी पडली तेव्हा मी चाळीस-पन्नास मीटर मागे होतो. पुढच्या वर्षी वयात बसलो नाही.

नंतर डॉक्टरांनी पाहिलं. बाहेरचं लिगामेंट फाटलेलं होतं, आणि फाटलेल्यावर ओढणं-चोळणं चालू होतं.

आमचे तात्या रिटायर हवालदार. ते अजून म्हणतात, "आम्ही फौजेचे जड डीएमएस बूट घालून डांबरीवर पळालो, कुणाचा गुडघा गेला?" तात्या, ज्यांचा गेला ते तुमच्या पलटणीत आलेच नाहीत, ते गावी परतले. ॲकॅडमीच्या गेटवरच्या फ्लेक्सवर सिलेक्ट झालेल्यांचे फोटो असतात. लंगडत घरी गेलेल्यांचा फ्लेक्स कोण लावणार? आणि सूज असताना डक वॉक (उकिडवं बसून चालणं), बेडूकउड्या, जोडीदाराला खांद्यावर घेऊन पळणं यातनं ताकद येत नाही, दुखणं वाढतं. हे मी तेव्हा तोंडावर बोलायला हवं होतं.

आता तुझं. घोट्याच्या हाडावर मागच्या कडेला बोटानं दाबून दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर आजच एक्स-रे. गुडघा जिना उतरताना, उकिडवं बसताना दुखत असेल तर बहुतेक वाटीचं दुखणं आहे: राऊंड निम्मे कर, डांबरी सोडून मातीवर पळ, मांडीचे आणि कमरेच्या बाजूचे व्यायाम फिजिओकडून शिकून घे. पण उडीनंतर आवाज येऊन काही तासांत गुडघा सुजला, अडकतोय किंवा चालताना निसटतोय, तर एमआरआयशिवाय पळू नको. नडगीवर एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. ती सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आहे' यावर विसंबू नको.

मी डॉक्टर नाही, तुझा पाय मी पाहिलेला नाही. नुसतं स्नायूंचं दुखणं असेल तर ते दोन-तीन दिवसांत उतरतं, त्याला घाबरू नको.

नी-कॅप कुठलीही मापाची घे. आधार वाटतो, पण त्यानं दुखणं बरं होत नाही. ते पैसे आधी बुटांना घाल.

तू वय लिहिलं नाहीस. अठरा-एकोणीस असेल आणि पाय सुजलेला असेल, तर ही भरती सोड आणि पुढच्या वर्षी पूर्ण पायानं उतर. सरांना सांगायला जड जात असेल तर घरच्यांना घेऊन जा.