नेव्हीतून रिटायर झालेल्यांनी सागरी युद्धावरची कुठली पुस्तकं वाचावीत?

तुम्ही विचारलंय की आमचा रिटायर्ड नेव्हीवाल्यांचा ग्रुप आहे, सगळ्यांनी मिळून वाचायला काय घ्यावं, तर मी डोळे झाकून ‘ऑपरेशन एक्स’ सांगेन. कॅप्टन सामंत आणि संदीप उन्नीथन यांचं, 1971 मध्ये आपल्या नेव्हीने प्लासीजवळच्या कॅम्पात बंगाली पोरांना ट्रेनिंग देऊन पूर्व पाकिस्तानातल्या बंदरांमधली जहाजं उडवली त्याची गोष्ट, आणि सामंत स्वतः त्यात होते, महावीर चक्र मिळालेलं, त्यामुळे ऐकीव काही नाही. लिंपेट माइनचा, म्हणजे जहाजाच्या बुडाला चिकटवायच्या सुरुंगाचा, प्लग पाण्यात विरघळला की स्फोट व्हायचा, तो पोहताना भिजू नये म्हणून वर कंडोम चढवायचे, आणि हल्ल्याचा सिग्नल म्हणजे आकाशवाणी कोलकातावर लागणारं गाणं! असे डिटेल्स आपल्या लोकांना लगेच भिडतात.

दुसरं मेजर जनरल इयान कार्डोझोंचं ‘द सिंकिंग ऑफ आयएनएस खुकरी’. 9 डिसेंबर 1971 ला पाकिस्तानी पाणबुडीने आपली ही युद्धनौका बुडवली, 18 ऑफिसर आणि 176 सेलर गेले, तिचे कप्तान मुल्ला जहाजाबरोबरच गेले. त्यातून बचावलेल्यांच्या तोंडूनच सगळं येतं, म्हणून जड जातं, ग्रुपमध्ये कुणाचे बॅचमेट त्यात गेले असतील तर आधी त्यांना विचारा आणि मगच घ्या, प्लीज.

रेफरन्सला व्हाइस अॅडमिरल हिरानंदानींचं ‘ट्रान्झिशन टू ट्रायम्फ’ ठेवा, 1965 ते 75 चा नेव्हीचा इतिहास आहे, सलग नाही वाचवत पण 1971 मध्ये नेव्हीने कराची बंदरावर केलेल्या हल्ल्याचा भाग सगळ्यांनी वाचाच.