नागपूरच्या श्याम हॉटेलला इतकं महत्त्व का?

नागपूरच्या बर्डी म्हणजे सीताबर्डी भागातलं तेव्हाचं श्याम हॉटेल ओळखलं जातं ते ऑक्टोबर 1956 मुळे. धम्मदीक्षेसाठी नागपूरला आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर पत्नी माईसाहेबांसह इथेच उतरले होते. सचिव नानकचंद रत्तूही सोबत होते. बातमी पसरली आणि दर्शनासाठी हॉटेलसमोर लोकांची रीघ लागली.

माझ्या मते सगळ्यात मोलाची ती 13 ऑक्टोबरच्या संध्याकाळची पत्रकार परिषद. हीनयान-महायान या बौद्ध पंथांच्या वादात न पडता बुद्धांनी स्वतः सांगितलेला धम्म आपण स्वीकारणार, हवं तर त्याला नवयान म्हणा, असं बाबासाहेबांनी तिथे सांगितलं. म्हणजे दीक्षेमागची भूमिका आदल्या दिवशी बर्डीतच मांडली गेली! 14 तारखेला, अशोक विजयादशमीला, पांढरं रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून ते मोटारीने दीक्षाभूमीकडे निघाले. तिथे भदंत चंद्रमणी यांनी त्यांना दीक्षा दिली. पुढे 16 तारखेला चंद्रपूरला दीक्षा सोहळा झाला.

दीक्षाभूमीला लाखो लोक येतात, पण बर्डीचा हा संदर्भ फार थोड्यांना ठाऊक असतो. बर्डीच्या बाजारात खरेदीला जाणाऱ्या प्रत्येक नागपूरकराला तो माहीत असायलाच हवा.