‘अदर’ गाळला की नागपूर स्वतःपेक्षाच गरम होतं

ताई, तुमच्या मुलीने लिहिलं ‘नागपूर इज हॉटर दॅन एनी सिटी इन विदर्भ’, त्यावर लाल काट बसली, आणि तुम्ही विचारता की यात चुकलं काय. चंद्रपूरवाले हे वाक्य वाचून हसतील, पण तो भूगोलाचा मामला. व्याकरणात एकच शब्द राहिला: ‘अदर’. नागपूर स्वतःच विदर्भात आहे. ‘एनी सिटी इन विदर्भ’ म्हटलं की त्यात नागपूरही आलं, म्हणजे नागपूर नागपूरपेक्षा गरम! ‘एनी अदर सिटी’ लिहा, काम झालं. मात्र ‘हॉटर दॅन एनी सिटी इन कोकण’ यात ‘अदर’ घालायचा नाही, कारण नागपूर कोकणात नाहीच.

पोरीला रागावू नका. मराठीत ‘विदर्भातल्या कोणत्याही शहरापेक्षा नागपूर गरम’ म्हटलं तर कोणी हटकत नाही, ‘इतर’ आपण मनातच धरतो. नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीत) बरीच वर्षं शिकवण्या घेतल्या, तेव्हा हीच गफलत दर बॅचला दिसायची.

दुसरी गफलतही मराठीतूनच येते. आपलं ‘गरम’ हे गरमच राहतं, सगळा भार ‘पेक्षा’ आणि ‘सगळ्यात’ उचलतात. इंग्रजीत विशेषणच बदलतं. मग मुलं ‘जास्त’साठी ‘मोर’ही लावतात आणि ‘हॉट’चं ‘हॉटर’ही करतात: ‘मोर हॉटर’. दोन्हीपैकी एकच घ्यायचं. लहान शब्दाला ‘अर’, ‘ब्युटिफुल’सारख्या लांबलचक शब्दाला ‘मोर’. ‘गुड, बेटर, बेस्ट’सारखे चारदोन पाठच करावे लागतात.

गंमत अशी की तरतमभाव, म्हणजे विशेषणाच्या अशा चढत्या पायऱ्या, आपल्याला परका नाही. ‘उच्च, उच्चतर, उच्चतम’ आपण वाचतोच. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांतला ‘इष्ठ’ आणि ‘हॉटेस्ट’मधला ‘एस्ट’ हे एकाच जुन्या मुळातून आलेले प्रत्यय. म्हणजे ‘श्रेष्ठ’मध्ये ‘सगळ्यात’ आधीच आहे, तरी आपण ‘सर्वश्रेष्ठ’ नि ‘श्रेष्ठतम’ खुशाल म्हणतो. मराठीत ते खपतं, इंग्रजीच्या पेपरात ‘मोस्ट बेस्ट’ खपत नाही.

आता संत्री. ‘नागपूरची संत्री वरूडपेक्षा गोड’ हे आपल्याला चालतं. तेच ‘द ऑरेंजेस ऑफ नागपूर आर स्वीटर दॅन वरूड’ लिहिलं की फळाची तुलना गावाशी झाली. ‘दॅन दोज ऑफ वरूड’ हवं. ही चूक मोठमोठ्या साहेबांच्या अर्जातही सापडते, आणि सापडली की मला आत कुठेतरी बरं वाटतं, खोटं कशाला बोलू!

ऑफिसातलं ‘ही इज सीनियर दॅन मी’ हेही ‘पेक्षा’चंच लेकरू. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर हे लॅटिनमधून आले ते तुलनेचं रूप घेऊनच. त्यांच्यापुढे ‘टू’ येतो: ‘सीनियर टू मी’.

राहिलं डिग्री बदलणं, म्हणजे तीच तुलना पॉझिटिव्ह (लार्ज), कम्पॅरेटिव्ह (लार्जर) आणि सुपरलेटिव्ह (लार्जेस्ट) या तिन्ही रूपांत लिहिणं, कारण गुण तिथेच जातात. ‘मुंबई इज द लार्जेस्ट सिटी इन महाराष्ट्र’ हे सोपं: ‘लार्जर दॅन एनी अदर सिटी’, आणि पॉझिटिव्हमध्ये ‘नो अदर सिटी इन महाराष्ट्र इज ॲज लार्ज ॲज मुंबई’. नागपूरला हा साचा लागत नाही. २०११च्या जनगणनेत ते मुंबई-पुण्यानंतर तिसरं, म्हणून ‘वन ऑफ द लार्जेस्ट सिटीज’. इथे ‘सिटीज’ अनेकवचनीच. मुलं हमखास ‘सिटी’ लिहितात. याचं कम्पॅरेटिव्ह ‘लार्जर दॅन मोस्ट अदर सिटीज’ आणि पॉझिटिव्ह ‘व्हेरी फ्यू सिटीज इन महाराष्ट्र आर ॲज लार्ज ॲज नागपूर’. ‘व्हेरी फ्यू’च्या जागी ‘नो अदर’ पडलं की मुंबई-पुणे नकाशावरून गायब.

आज संध्याकाळी तिला एवढंच द्या: ‘अंबाझरी इज वन ऑफ द बिगेस्ट लेक्स इन नागपूर’, उरलेल्या दोन्ही डिग्र्यांत. उत्तरं इथे टाका, जेवण झालं की तपासून देतो.