'मऊ पोवळं' म्हटलं तर चुकेल का?

देवगडच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी खोल समुद्रातल्या प्राण्यांचा तक्ता करायचा आहे, त्यात 'सॉफ्ट कोरल'ला मराठीत काय लिहावं? 'मृदू प्रवाळ' फार पुस्तकी वाटतं, 'मऊ प्रवाळ' त्यातल्या त्यात बरं. एका मुलानं 'मऊ पोवळं' लिहून आणलं तेव्हा सगळा वर्ग हसला. पोवळं कधी मऊ असतं का?

हसू येणं साहजिक आहे. पोवळं म्हटलं की आपल्याला सोनार आठवतो, नाहीतर मंगळाची अंगठी. माझ्या आजीच्या कंठीत सोन्याच्या दोन मण्यांआड एक पोवळं होतं, आणि लहानपणी मी ते एकदा चावून पाहिलं होतं. मऊ नव्हतं एवढं खात्रीनं सांगतो. तरीही मुलाच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे.

आधी शब्द पाहू. 'पोवळं' आलं संस्कृत 'प्रवाल'वरून, प्राकृतातल्या 'पवाल'मार्गे. तमिळमध्ये 'पवळम्', कन्नडमध्ये 'हवळ', गुजरातीत 'परवाळुं' अशी त्याची भावंडं दोन्ही किनाऱ्यांवर पसरली आहेत. कोणी कोणाकडून घेतला हा वाद इथे नको. गंमत ही की संस्कृतात 'प्रवाल' म्हणजे कोवळी पालवी, नुकताच फुटलेला कोंबही. रत्नाचं दुसरं नाव 'विद्रुम', त्यातही 'द्रुम' म्हणजे झाड आहेच. म्हणजे 'मृदू प्रवाळ' हे मुळात 'कोवळी पालवी कोवळी' म्हटल्यासारखं झालं. (पोवळं आणि कोवळं हे यमक मात्र योगायोगाचं. 'कोवळं' हे 'कोमल'पासून आलं, त्याचा इथे संबंध नाही.)

पोवळ्याला झाड समजणारे आपण एकटे नव्हतो. युरोपातही ते समुद्रातलं झुडूपच होतं. 1706 मध्ये मार्सिली या इटालियन अभ्यासकानं ताजं पोवळं समुद्राच्या पाण्यात ठेवलं, तेव्हा फांद्यांवर आठ पाकळ्यांची पांढरी फुलं उमलली. पुरावा मिळाला म्हणून तो खूश झाला. पुढे 1720 च्या दशकात पेसोनेल या फ्रेंच वैद्यानं सांगितलं की ही फुलं नाहीत, प्राणी आहेत. त्याचं तेव्हा कोणी फारसं ऐकलं नाही.

त्या 'आठ पाकळ्या' मात्र लक्षात ठेवा, सगळी मेख तिथे आहे. प्रवाळाचा एकेक जीव म्हणजे पॉलिप: एक पोकळ नळी, वर तोंड, तोंडाभोवती बारीक हात. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडपांत बुडी मारणाऱ्यांना दिसतात ती बहुतेक दगडी प्रवाळं. त्यांचे हात सहाच्या पटीत असतात. ती अ‍ॅरागोनाइट नावाच्या चुन्याचा दगडी पाया बांधतात, आणि त्यांच्या अंगात राहणारी शेवाळं उन्हावर अन्न करून त्यांना पोसतात. दुसरं कुळ आठ हातांचं, आणि प्रत्येक हाताला पिसासारखे बारीक फाटे. 'सॉफ्ट कोरल' या दुसऱ्या कुळातली. या कुळाला मी 'अष्टभुज प्रवाळ' म्हणेन. देवीचं नाव वाटेल, वाटू दे. मुलांच्या लक्षात राहील.

आता सोनाराकडचं पोवळं कोणत्या कुळातलं? ते भूमध्य समुद्रातलं लाल पोवळं, शास्त्रीय नाव कोरॅलियम रुब्रम, आणि ते आठ हातांचं आहे. रोमनांच्या काळात ते जहाजांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येई. रोमनांना जसं मोत्यांचं वेड तसं हिंदी लोकांना पोवळ्यांचं, असं प्लिनी या रोमन लेखकानं लिहून ठेवलं आहे. म्हणजे 'पोवळं' हा शब्द आपण ज्या वस्तूसाठी दोन हजार वर्षं वापरतो आहोत ती रक्ताच्या नात्यानं सॉफ्ट कोरलच्या बाजूची. मालवणच्या खडपांवरच्या दगडी प्रवाळांना 'पोवळी' म्हणतो तेव्हा खरं तर आपण शब्द उसना देत असतो.

'मऊ' तरी कितपत मऊ? या प्राण्यांना सलग दगडी सांगाडा नसतो, पण मांसल अंगात चुन्याच्या सूक्ष्म काड्या, गदा, काटेरी दांडे खच्चून भरलेले असतात. त्यांना स्क्लेराइट म्हणतात. मराठीत 'चुनकण' म्हणायला हरकत नाही. ओळख पटवायची तर तुकडा ब्लीचमध्ये टाकतात, मांस विरघळतं आणि तळाशी उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आपल्या लाल पोवळ्यात अशाच कणांच्या जोडीला चुना साचत जाऊन दगडासारखा गाभा होतो. काहींना शिंगासारख्या पदार्थाचा कणा असतो. बांबू कोरलमध्ये पांढरं चुन्याचं पेर आणि काळा शिंगी सांधा असे आलटून पालटून येतात, उसासारखे. 'बांबू' न म्हणता 'पेरांचं पोवळं' म्हटलं तरी चालेल.

सी-फॅन म्हणजे समुद्रपंखेही याच कुळातले. शोभेच्या चौकटीत घालून 'इंद्रजाल' नावानं, दुर्मीळ वनस्पतीचं मूळ म्हणून जे विकतात, ते बरेचदा हेच किंवा काळं प्रवाळ असतं. मूळ नव्हे, मेलेल्या प्राण्याचा सांगाडा. दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, तेव्हा कोणी भेट दिलं तरी घेऊ नका.

तक्ता खोल समुद्राचा आहे, म्हणून हेही लिहा: दोनशे मीटरखाली अंगातल्या शेवाळांना पोसण्याएवढं ऊन पोचत नाही, तेव्हा तिथल्या प्रवाळांकडे ती नसतात. वरून सतत झिरपत येणारा मेलेल्या जीवांचा आणि विष्ठेचा चुरा, आणि प्रवाहाबरोबर येणारे बारीक जीव, यावर त्यांचं चालतं. म्हणून प्रवाह चांगला तिथे ती उभी राहतात आणि हात पसरून बसतात, आपल्याकडे ओहोळाच्या तोंडाशी जाळं लावून बसावं तसं. काही जातींत कामाची वाटणीही असते. मोठे पॉलिप अन्न पकडतात. त्यांच्यामध्ये विखुरलेले टाचणीच्या डोक्याएवढे पॉलिप फक्त पाणी आत खेचून सगळ्या वसाहतीत फिरवतात.

आता वर्गीकरण. जुन्या पुस्तकांत यांचा 'अल्सिओनेसिया' हा गण सापडेल. तो तक्त्यात लिहू नका. 2022 मध्ये डीएनएच्या आधारे सगळी मांडणी बदलली. अष्टभुज प्रवाळांचा आता स्वतंत्र वर्ग आहे, ऑक्टोकोरॅलिया, आणि त्यात दोन गण: मॅलॅकल्सिओनेसिया आणि स्क्लेरॅल्सिओनेसिया. ग्रीकमध्ये 'मॅलॅकॉस' म्हणजे मऊ, 'स्क्लेरॉस' म्हणजे कठीण. नावं ऐकून वाटेल की मऊ इकडे, कठीण तिकडे. तसं मुळीच नाही. ताठ कण्याचे कितीतरी समुद्रपंखे 'मऊ' गणात आहेत. आणि खोल समुद्रातलं अ‍ॅन्थोमॅस्टस, लाल अळंबीसारखं दिसणारं, कणा नसलेलं, हाताला मांसल लागणारं, ते 'कठीण' गणात आहे. इतकंच नाही, त्याचं कुटुंब आहे कोरॅलिइडी. म्हणजे थेट आजीच्या कंठीतल्या पोवळ्याचं.

तेव्हा तक्त्यावर वर्गाचं नाव 'अष्टभुज प्रवाळ' लिहा, मांसल प्रकारांना सरसकट 'मऊ प्रवाळ'. आणि अळंबीसारख्या त्या लाल प्राण्याच्या चित्राखाली मुलाला खुशाल 'मऊ पोवळं' लिहू द्या.